गावंडे बाईंच्या कॅसेटा

शोकसभेत आमच्या संस्थेचे सचिव म्हणाले, "गावंडे बाईंनी उतारवयातही स्वतःतलं लहान मूल जपलं." मी दुसऱ्या रांगेत बसले होते. उठले आणि सरळ बाहेर आले. आणखी थोडा वेळ बसले असते तर त्यांच्या हातातला माइक हिसकून घेतला असता, आणि मला अजून त्यांच्याच शाळेत नोकरी करायची आहे.

लहान मूल म्हणे. बाईंमध्ये कसलं आलंय लहान मूल? बाईंमध्ये राग होता. चांगला जाड, वऱ्हाडी, उन्हाळ्यातल्या काळ्या जमिनीला भेगा पडतात तसा खोलवर गेलेला राग, आणि तो त्यांनी आयुष्यभर कामाला जुंपला होता. त्याला कुणी खेळकरपणा म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे टीव्ही नवे नवे आले होते त्या काळात 'कोमेट' नावाचं एक व्हिडिओ गेमचं यंत्र निघालं होतं. काळा डबा, वर चांदीसारखी पट्टी, पुढे वायरला लटकणाऱ्या दोन चक्र्या. चक्री फिरवली की पडद्यावरचा आपला गडी सरकायचा. डब्यावर एक खाच, तिच्यात कॅसेट खोचायची. जितक्या कॅसेटा तितके खेळ. कंपनी लवकरच बुडाली, यंत्रं माळ्यावर गेली आणि कॅसेटा कुठे कुठे पांगल्या. आज कुणाला कोमेट म्हटलं तर लोक विचारतात, कूलर ना? तर अमरावतीच्या गावंडे बाई या कोमेटच्या कॅसेटा जमवायच्या. कॅसेटांवर इंग्रजी नावं होती, पण ती कुणी वाचत नसे. चित्र बघून नाव पडायचं. बेडूकवाली, विहीरवाली, टँकवाली, मधमाशीवाली.

बाई विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. उंच, हाडापेरानं दणकट बाई. मनगटात पुरुषी घड्याळ, पदर कायम खोचलेला, आणि पर्समध्ये कंगव्याच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर. लग्न केलं नव्हतं. काहून नाही केलं, असं एका नव्या शिक्षिकेनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "जेवाले बोलावलं नसताना ताट काहून इचारतं व?" ती बिचारी पुढे वर्षभर त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली नाही.

माझी आणि त्यांची ओळख एका भांडणात झाली. माझं भांडण नव्हतं, त्यांचंच होतं. स्नेहसंमेलन जवळ आलं की आमच्या शाळेत मुलींचा खेळाचा तास जायचा. बाकं उचला, रांगोळ्या काढा, पाहुण्यांसाठी पोहे करा. त्या वर्षी बाई मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरल्या. मी तिथे माझ्या नेमणुकीचे कागद घेऊन उभी होते. बाई म्हणाल्या, "सर, पोट्ट्यायचा खेळाचा तास वेळापत्रकात हाय. पोह्याचा तास नाई." सर म्हणाले, "बाई, चार दिवसांचा तर प्रश्न आहे." बाई म्हणाल्या, "मंग हे चार दिवस तुमी पोहे करा." सरांनी त्यांना मेमो दिला. बाईंनी तो स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवला, चहाच्या बशीखाली ठेवला आणि मुलींना घेऊन मैदानावर गेल्या.

मी मूळची अकोल्याची आणि बाईंचं मूळ घरही अकोल्याचंच, म्हणून त्यांनी मला जवळ केलं असेल. किंवा माझ्याकडे स्कूटर होती म्हणून. रविवारी सकाळी फोन यायचा, "रेखे, चाल." कुठे ते सांगायच्या नाहीत. मागे बसायच्या, मांडीवर पिशवी, पिशवीत कोमेट, आणि हातात स्टीलचं एक कोरं भांडं. कॅसेटच्या बदल्यात त्या भांडं द्यायच्या, बोहारणीसारखं. त्यांचं म्हणणं असं की रोख दिलं तर ते घरातल्या पुरुषाच्या खिशात जातं, आणि गंज, म्हणजे पातेलं, दिला तर तो चुलीपाशी जातो. परतवाड्याच्या एका घरात तर आम्हाला बघताच म्हातारी आतून जुन्या साड्यांचं गाठोडंच घेऊन आली होती.

आणि बाईंचा एक नियम होता. त्या नियमापायी किती कॅसेटा हातच्या गेल्या असतील देव जाणे. घरातल्या बाईनं एकदा तो खेळ स्वतः खेळल्याशिवाय त्या कॅसेट उचलायच्या नाहीत.

कुठेही गेलं तरी संभाषण तेच. पुरुष कौतुकानं सांगायचा की हा आमच्या दादाचा गेम, हा माझा गेम, मी याच्यात असा, मी तसा. बाई ऐकून घ्यायच्या आणि मग दारात पदराला हात पुसत उभ्या असलेल्या बाईकडे वळायच्या. "तुमी खेळल्या का?" ती हसायची. तिच्याऐवजी तोच बोलायचा, "तिला काय समजतं त्यातलं." झालं. बाईंचा चेहरा असा व्हायचा की मी खुर्ची मागे सरकवून घ्यायचे. "समजाले काय तो घटनेचा मसुदा हाय का? चक्री फिरवाची हाय. इथं ये व माय. बस." मग पिशवीतून यंत्र निघायचं, टीव्हीच्या मागे बाई स्वतः घुसायच्या, वायर जोडायच्या. कुणी कौतुकानं कॅसेटीत फुंकर मारली की ओरडायच्या, "फुंकू नोका, चूल हाय का ते?" आणि तोवर ती बाई ओल्या हातानं सोफ्याच्या अगदी कडेला टेकलेली असायची. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच सोफ्यावर. हे मी इतक्या घरांत बघितलं की आता मला कुणाच्या दिवाणखान्यात गेलं की आधी तेच दिसतं, कोण कडेला बसलंय.

हा राग कुठून आला ते मला मूर्तिजापूरच्या चहाच्या टपरीवर कळलं. आम्ही अकोल्याला जात होतो. बाईंनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि एकदम म्हणाल्या, "माई टीव्हीच्या मांगं उभी राहे."

माई म्हणजे त्यांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच विधवा होऊन माहेरी परत आलेली, आणि मग तिथेच राबलेली. धाकटा भाऊ बंडू, त्याच्यासाठी वडिलांनी मुंबईहून कोमेट मागवला होता. यंत्राची वायर टीव्हीच्या खोबणीत ढिली बसायची, जरा हलली की पडद्यावर मुंग्या. मग वायर दाबून धरायला कुणीतरी लागायचं. माईच लागायची. बंडू आणि त्याचे मित्र दुपारभर खेळायचे आणि माई टीव्हीच्या मागे भिंतीकडे तोंड करून वायर धरून उभी. आरडाओरडा ऐकू यायचा, पडदा दिसायचा नाही. कोण जिंकलं ते तिला आवाजावरून कळायचं.

"मी तवा बीएस्सीले होती," बाई म्हणाल्या. "एक दिवस म्हटलं, बंडू, एक डाव माईले दे. मी धरतो वायर. तर आमचे बाबा, शांत माणूस, पेपरातून मान वर न करता म्हणतात, पोरीयचा हात लागला का बिघडते ते. मी काय बोलली माहीत हाय? काहीच नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा पेपर होता माहा दुसऱ्या दिवशी. त्यात मले पैकीच्या पैकी भेटले आन् त्या दिवशी मी काहीच बोलली नाही."

त्यांनी बशी तोंडाला लावली. चहा गार झाला होता. टपरीवाल्याला त्यावरून त्यांनी जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही.

नोकरी लागल्यावर त्यांनी भावाकडून अडगळीत पडलेला कोमेट मागून घेतला आणि पहिल्या सुट्टीत माईपुढे ठेवला. माई म्हणाली, "मले काय करतं त्याचं. तुह्यापाशी सगळ्या कॅसेटा होऊ दे, मंग खेळीन." टाळायचं म्हणून बोललेलं वाक्य. आपण मुलांना म्हणतो ना, मोठा झालास की घेऊन देईन, तसलं. पण बाईंनी ते शब्दाला शब्द धरलं. सगळ्या कॅसेटा. म्हणजे सगळ्या. जिल्हाभर, नंतर दोन जिल्हेभर, त्या हिंडल्या त्या एवढ्यासाठी की माईपाशी नाही म्हणायला कारण उरू नये. हे शोकसभेत कुणी सांगितलं नाही, कारण कुणी कधी विचारलंच नव्हतं.

शेवटी एकच राहिली. मधमाशीवाली. ती धामणगाव रेल्वेला एका वकिलाच्या घरी आहे असा पत्ता लागला. आम्ही गेलो. वकीलसाहेब आगतस्वागतवाले, पण बोलणं सगळं स्वतःबद्दल. त्यांची बायको सुनंदा. तिशी उलटलेली, गप्प, चहा ठेवून आत निघालेली. बाईंनी तिला थांबवलं आणि चक्री हातात दिली.

सुनंदा खेळायला बसली आणि उठेचना. मधमाशी पोळ्याकडे न्यायची, वाटेत कोळी, पाऊस, माणसाचा हात. पहिल्यांदा लगेच मेली. "परत लावा," म्हणाली. मग परत. आत दूध उतू गेल्याचा वास आला. वकीलसाहेब म्हणाले, "अगं, दूध." ती म्हणाली, "तुम्ही बघा." मी बाईंकडे बघितलं. बाईंच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी तिकडून नजर काढून घेतली.

निघायची वेळ झाली तेव्हा वकिलांनी कॅसेट काढून बाईंच्या हातात ठेवली. "घ्या, बाई. आमच्याकडे धूळच खाते." सुनंदा नुसती कॅसेटकडे बघत राहिली. बाईंनी विचारलं, "देऊ वाटते का तुले?" तिनं मान हलवली. नाही.

बाईंनी कॅसेट तिच्या हातात परत दिली. वर आपलं यंत्रही तिथेच ठेवलं. घरी एक आणखी होतं म्हणाल्या. वकील "अहो, काय बालिशपणा" म्हणाले, तर बाईंनी त्यांना दारातच धरलं. "कॅसेट कोणाची?" "अहो, माझीच." "तुमची होती. तुमी मले देल्ली, मी तिले देल्ली. आता तिले इचारल्याबिगर हात लावला तर मी पुन्हा येईन." आणि परतीच्या अख्ख्या वाटेवर त्या मलाच बोलत होत्या. रस्ता खराब, स्कूटर खराब, मी खड्डे चुकवत नाही, आणि त्यांचा स्वतःचा नियम म्हणजे भैताडपणा. "तिशेक वर्षं झाली शोधून राहिली आन् हातात आलेली सोडून आली. हाय का नाही मी येडी?" चांदूरपाशी म्हणाल्या, "पण कशी खेळत होती, नाही?"

पुढच्या वर्षी सुनंदा स्वतः अमरावतीला आली, एकटी, एसटीनं. यंत्र आणि कॅसेट दोन्ही घेऊन. "मावशी, माझे सगळे टप्पे झाले. आता घ्या." बाईंनी तिला मोठं पातेलं दिलं आणि जेवू घातलं. ती गेल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. सगळ्या कॅसेटा पलंगावर मांडल्या होत्या. त्या संचात आता एकही उणी नव्हती. बाई म्हणाल्या, "आता पाहातो माई काय म्हणते."

इथे मला बाईंचाही राग येतो. तो सांगितला नाही तर हे लिहिणं खोटं होईल. दुसऱ्या दिवशी अकोल्याला जाऊन माईला खेळवता आलं असतं. पण नाही. अकोल्याचं घर बंडूभाऊचं, टीव्ही त्याच्या दिवाणखान्यात. "त्या भिंतीसमोर मी माईले बसवत नाही," बाई म्हणाल्या. त्यांचं स्वतःचं रुक्मिणीनगरातलं घर पाडून नव्यानं बांधायचं ठरलं होतं. पुढची खोली खेळाची करणार होत्या. दुपारी दार उघडं ठेवायचं, गल्लीतल्या बायांनी, पोरींनी यायचं, खेळायचं. पण पहिला डाव माईचा. तोवर कॅसेटा कुठे ठेवायच्या? बांधकामाची धूळ, भाड्याच्या खोलीला ओल. माई म्हणाली, माह्यापाशी ठेव. बाईंनी पत्र्याची पेटी भरली आणि माईच्या धान्याच्या खोलीत नेऊन ठेवली. त्या घरात सगळ्यात कोरडी जागा तीच होती.

एका उन्हाळ्यापुरतं म्हणून ठेवलं होतं. मग लॉकडाऊन आला. बांधकाम थांबलं, ठेकेदार पळाला, दुसरा मिळाला तो पहिल्याचा भाऊ निघाला. वर्षामागून वर्षं गेली. बाई रिटायर झाल्या. अकोल्याला फोन करायच्या तेव्हा विचारायच्या, पेटी बरी हाय ना? माई म्हणायची, जिवापाड जपून राहिली बाप्पा.

घर झालं. वास्तुशांत झाली. एक गाडी सांगून आम्ही दोघी अकोल्याला गेलो, माईला आणि पेटीला आणायला. माई तयार होऊन बसली होती. सत्तरीची, ठेंगणी, वाकलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि ऑपरेशनला ठाम नकार. ती आम्हाला हाताला धरून धान्याच्या खोलीत घेऊन गेली. गव्हाच्या कोठ्या, तुरीच्या डाळीचे डबे, आणि कोपऱ्यात स्वच्छ पुसलेली पेटी, वर जुनं लुगडं घातलेलं. माईनं झाकण उघडलं.

वास आला. लसणासारखा, कुजकट. वऱ्हाडातल्या कोणत्याही घरात वाढलेल्या माणसाला तो वास कळतो. उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरतात तेव्हा किडा लागू नये म्हणून त्यात गोळी ठेवतात, फडक्याच्या पुरचुंडीत बांधून. पेटीत कॅसेटांच्या मधे मधे पुरचुंड्या होत्या. गोळ्यांची राखाडी भुकटी झाली होती.

"दर उन्हाळ्यात गव्हात टाकली का यातबी टाकली," माई म्हणाली. "बंडूच्या कृषी केंद्रातून आणली. नवीन फडकं, नवीन गोळी. पाह्य, एकाले तरी किडा लागू देल्ला का?"

बाईंनी एक कॅसेट उचलली, उलटी केली. खालच्या बाजूला जिथे तांब्याच्या पट्ट्या चमकायला हव्यात तिथे काळंहिरवं काहीतरी ओलसर साचलेलं होतं. दुसरी उचलली. तिसरी. मला काही कळत नव्हतं, पण विज्ञानाच्या बाईंना कळलं होतं. ती गोळी हवेतल्या ओलाव्यानं विषारी वायू सोडते. तो किडा मारतो, उंदीर मारतो, आणि तांबं खातो. मधमाशीवालीची एक पट्टी तर बाईंच्या नखाला पापुद्र्यासारखी निघून आली.

मी बाईंच्या ओरडण्याची वाट बघत होते. या बाईंनी मुख्याध्यापकाला पोहे करायला सांगितले होते. गार चहावरून माणसाला रडवलं होतं. आणि इथे अख्ख्या जन्माची कमाई सडून पडली होती. दारात बंडूभाऊ येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, "काय झालं ताई? बिघडल्या का?" अगदी सहज. अजून आठवलं तरी त्या आवाजाला काहीतरी फेकून मारावंसं वाटतं.

बाईंनी झाकण लावलं. "काही नाही झालं," त्या म्हणाल्या. "चांगल्या ठेवल्या व माई. चाल, बस गाडीत."

मला माईचा राग आला. हो, आला. एवढं जपलं, पण एकदा कुणाला फोन करून विचारता आलं नाही? मग वाटलं, कुणाला विचारणार आणि काय म्हणून? तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं त्या डब्यात काय असतं. गहू माहीत होता, तर गव्हासारखं जपलं. वायर धरायला सांगितली तर वायर धरली, पेटी सांभाळायला सांगितली तर पेटी सांभाळली. गाडीत मागच्या सीटवर ती पेटीवर हात ठेवून झोपली होती आणि मी पुढे बसून दात खात होते.

दुपारी माई नव्या घरात आडवी झाली तेव्हा बाईंनी एकेक कॅसेट काढली आणि खोडरबरानं घासायला बसल्या. तांबं काळं पडलं की खोडरबरानं उजळतं, ते त्यांनी कितीदा केलेलं. या वेळी रबरावर तांबंच येत होतं. मी म्हटलं, "बाई, सांगून टाका ना त्यांना. असं कसं?" त्यांनी वर बघितलं नाही. "काय सांगू? तुह्या हातानं बिघडल्या म्हणून सांगू? ते वाक्य तिनं ऐकलं हाय एकदा."

सगळ्या कॅसेटा लावून झाल्या. काळा पडदा, मुंग्या, काळा पडदा. एक विहीरवाली तेवढी लागली, म्हणजे लागली असं नाही. पडद्यावर निळेलाल चौकोन आले, थरथरायला लागले, जागा बदलायला लागले. चक्री फिरवली तरी त्यांना काही फरक पडत नव्हता. ना विहीर, ना पोहरा. बाईंनी ती तशीच राहू दिली.

त्यानंतर महिनाभर माझं तिकडे जाणं झालं नाही, पेपर तपासायचे होते, आणि मग एकदम फोन आला की बाई झोपेतच गेल्या. म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी संध्याकाळी.

माई उठली, तोंड धुतलं, ठेवणीतलं पातळ नेसली. बाईंनी तिला सोफ्यावर मधोमध बसवलं, पाठ टेकवून. पायाखाली पाट दिला. स्वतः शेजारी बसल्या आणि चक्री तिच्या हातात दिली. माईनं ती दोन्ही हातांनी धरली. टीव्हीच्या उजेडात डोळे बारीक करून बघितलं.

"हे निळं हालते ते मी का?"

"हो. ते तू."

"आन् लाल?"

"त्याच्यापासून वाचाचं."

माई चक्री फिरवायला लागली. आधी भीत भीत, मग जोरात. निळे चौकोन आपले आपण इकडचे तिकडे होत होते आणि ती त्यांच्याबरोबर खांदे हलवत होती. "गेली, गेली," म्हणत होती. एकदा लाल चौकोन आपोआप विझला तर तिनं बाईंच्या मांडीवर थाप मारली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला त्या खोलीत थांबवत नव्हतं. बंडूभाऊचा, त्यांच्या बाबांचा, त्या सगळ्या दुपारच्या पोरांचा, गोळीचा, ठेकेदाराचा, कुणाकुणाचा म्हणून राग करू असं झालं होतं, आणि समोर ती म्हातारी मेलेल्या खेळापुढे हसत होती, कारण चांगला खेळ कसा दिसतो ते तिला माहीतच नव्हतं.

बऱ्याच वेळानं तिनं चक्री खाली ठेवली. "जिंकली का व मी?"

"जिंकली."

"खरंच?"

"तुह्याशी खोटं काहून बोलू?"

माईनं पदरानं कपाळ पुसलं आणि चक्री बाईंच्या हातात दिली. "मंग आता तू खेळ. मी पाहातो."

बाईंनी चक्री घेतली, पुढे सरकून बसल्या, आणि त्या थरथरणाऱ्या चौकोनांकडे बघत फिरवत राहिल्या. माई एकदा पडद्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत होती. मी चहा ठेवायला आत वळले तेव्हा मागून बाईंचा आवाज आला.

"हारली व माई. मी हारली."